जामीन मंजूर, पण जामीनदार चंदगडचा चालत नाही

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
कर्नाटक उच्च न्यायालय, बंगळूर

महोदय,

सादर नमस्कार.

मी बेळगावचा रहिवासी. उमेदीची सगळी वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेली, आता निवृत्त आहे. घर भाड्याचं. मतदान इथे, रेशनकार्ड इथलं, मुलं इथेच शिकली. वडिलोपार्जित जमीन तेवढी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहे. ती जमीन महाराष्ट्रात पडते, एवढ्या एका कारणावरून माझी जामीनकी नाकारली गेली आणि माझा भाचा जामीन मंजूर झालेला असताना हिंडलग्याच्या तुरुंगात बसून राहिला.

तो आता बाहेर आहे. आपल्याच न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने ती अट काढून टाकली, त्याबद्दल आमचं घर कायम ऋणी राहील. तरीही हे पत्र लिहितोय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. भाचा घरी येऊन महिना झाला नसेल, तोच आमच्या ओळखीतल्या दुसऱ्या एका पोराच्या जामिनाच्या हुकुमात तीच ओळ पुन्हा आली: दोन जामीनदार, स्थानिक. त्याचा बाप माझ्याकडे विचारायला आला, की मामा, धारवाडला तुम्ही कोणता वकील धरला, खर्च किती आला. आमच्या मुलाला दाद मिळाली, पण अट जागची हलली नाही. प्रत्येक बापाने धारवाडला जाऊन ती नव्याने मोडून घ्यायची, हे मला गप्प बसून सोसवत नाही.

हकीकत थोडक्यात सांगतो. गावच्या यात्रेत दोन गटांत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, टाके पडले. फिर्यादीत भाच्याचं नाव आलं. त्याने मारलं की नाही ते खटल्यात ठरेल. ज्याला मार लागला त्यालाही न्याय मिळालाच पाहिजे, त्याच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. न्यायालयाने दोन्हीकडचं म्हणणं ऐकलं आणि जामीन मंजूर केला. म्हणजे मुलाला आत ठेवायची गरज नाही, असं न्यायालयानेच ठरवलं. अट घातली ती ५०,००० रुपयांच्या जातमुचलक्याची, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीची, आणि तेवढ्याच रकमेच्या दोन स्थानिक जामीनदारांची, उतारा आणि ऐपतीच्या दाखल्यासह.

स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? बहिणीचं सासर खानापूर तालुक्यात. दाजी वारले. शेतीचा उतारा अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, चुलत्यांशी वाटणीचा वाद. ती रोज ज्या शेतात राबते त्या शेताच्या कागदावर तिचं नाव नाही. गावात कुणाला विचारावं, तर मारामारीने गाव दोन्हीकडे वाटला गेलेला. आमच्या बाजूचे म्हणवणारेही आपला उतारा कोर्टात ठेवायला कचरले. कुणाच्या उताऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, कुणाला घरच्यांचा विरोध. त्यांना मी दोष देत नाही, दुसऱ्याच्या पोरासाठी जमीन अडकवणं सोपं नसतं. मग उरलो आम्ही माहेरचे.

मी सातबारा घेऊन गेलो. डिजिटल सहीचा, पडताळणी क्रमांक असलेला, वर माझं एकट्याचं नाव, इतर हक्कांत कसलाच बोजा नाही. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने कागद वरून खाली वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला, जिल्ह्याच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इदु नडियंगिल्ल री." म्हणजे, हे चालत नाही हो. आमच्या वकिलांनी सांगून पाहिलं, की क्रमांक टाका, मोबाईलवर नोंद दिसेल. त्याने मोबाईल हातात घेतला नाही. माणूस वाईट नव्हता. बहिणीला बाकावर बसायला जागा करून दिली. हुकुमात स्थानिक असं लिहिलंय, मी काय करू, असं म्हणाला. त्याच्यापुरतं ते खरं होतं. चूक हुकुमातच होती.

चूक म्हणतो ती माझ्या मनाने नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात, निकालात काढलेला आहे. मोतीराम गवंडी होता. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती देसाई यांनी त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आणि त्या निकालात त्यांनी विचारलं, की एखाद्या मल्याळी, कन्नड, तमिळ किंवा आंध्रच्या माणसाला बस्तर, पोर्ट ब्लेअर, पहलगाम किंवा चांदनी चौकात अटक झाली तर त्याने काय करायचं? तिथे मालमत्ता असलेला जामीनदार त्याला कोण मिळणार? जामीनदार याच जिल्ह्यातला हवा, अर्ज याच भाषेत हवा, असं कोणता कायदा सांगतो? घटनेचं १४ वं कलम साऱ्या भारतीयांना भारतीय म्हणून संरक्षण देतं, असं त्यांनी बजावलं.

महोदय, परमुलखात अडकलेल्या कन्नड माणसाचा उल्लेख त्या निकालात नावानिशी आहे. माझा भाचा तर परमुलखातलाही नाही. तो याच जिल्ह्यात जन्मला, इथल्याच शाळेत शिकला. फक्त त्याचं आजोळ चंदगडचं. आमच्या भागात कुणाचं आजोळ तिकडे नाही? बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, कागलला होतात, पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची हद्द आखली गेली म्हणून नाती तुटली नाहीत. अडचणीला माणूस नात्याकडेच धाव घेतो, आणि नेमकं तेच नातं कोर्टात चालत नाही.

अंतराचा हिशेबही करून पाहावा. चंदगड तालुक्यातलं शिनोळी बेळगावहून वीस किलोमीटरच्या आत आहे, तिथून माणसं रोज बेळगावला कामाला येतात. अथणी याच जिल्ह्यात, पण बेळगावपासून शंभर किलोमीटरहून कितीतरी लांब. अथणीचा अनोळखी माणूस आमच्या मुलाला जामीन राहिला तर तो स्थानिक, आणि त्याला कडेवर खेळवलेला सख्खा मामा परका. आरोपीने तारखेला हजर राहावं हा जामीनदार घेण्यामागचा हेतू. तो हेतू यातल्या कोणाकडून साधेल?

माझी मुख्य तक्रार ही. पण तिच्या आजूबाजूला आणखी काही आहे, तेही सांगतो.

फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८५ मी वकिलांकडून समजून घेतलं. जामीनदार पुरेसा आहे की नाही हे ठरवायला न्यायालय प्रतिज्ञापत्र स्वीकारू शकतं आणि गरज वाटली तर चौकशी करू शकतं, एवढंच त्यात आहे. जामीनदार त्याच जिल्ह्यातला किंवा राज्यातला असावा, असं त्यात नाही. कुणी म्हणेल, उद्या आरोपी पळाला तर चंदगडच्या जामीनदाराकडून वसुली कशी करणार? त्याचीही सोय कायद्यात आहे. जप्त झालेल्या जामिनाची रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि दंडवसुलीच्या वॉरंटवर तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं पृष्ठांकन, म्हणजे मंजुरीची सही, झाली की दुसऱ्या जिल्ह्यातल्या मालमत्तेवरही जप्ती आणता येते. कर्जबुडव्याची जमीन राज्य ओलांडून जप्त करता येते, मग जामीनदाराची का येणार नाही?

स्थानिकच्या या अटीने कोर्टाच्या आवाराबाहेर काय चालतं, ते आपल्या कानावर कुणी घालणार नाही, म्हणून मी घालतो. कागद नाकारला गेल्यावर बाहेरच्या चहाच्या गाड्यावर एक माणूस आमच्याजवळ आला. प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्याकडे उतारे होते. दर ठरलेला. त्याला भाच्याचं नाव माहीत नव्हतं, गुन्हा काय ते त्याने विचारलंही नाही. बहीण मंगळसूत्रातली वाटी मोडायला निघाली होती, मी अडवलं. असा जामीनदार आरोपीला तारखेला हजर करील काय? भाडं घेऊन तो मोकळा. खरा नातेवाईक दारात उभा असताना त्याला परत पाठवायचं आणि भाड्याचा मात्र चालवून घ्यायचा, याने न्यायालयाचीच फसवणूक होते आणि गरिबाच्या अंगावरचं किडूकमिडूक जातं.

आता वरच्या दादीबद्दल. खालच्या न्यायालयाने घातलेली अट त्याच संहितेच्या कलम ४८३ खाली सत्र न्यायालय बदलू शकतं, आणि रक्कम भारी असेल तर कलम ४८४ खाली ती कमी करू शकतं. आमच्या वकिलांनी तसा अर्ज केला. सरकारी वकिलांचं म्हणणं यायला तारीख पडली, मग पुन्हा तारीख, मग सुट्ट्या. शेवटी अर्ज फेटाळला गेला. कारण एका वाक्यात: अट अवाजवी दिसत नाही. मोतीरामचा निकाल अर्जाच्या पहिल्या पानावर होता. हुकुमात त्याचं नावही नाही. अर्ज फेटाळण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवला असता तो इथे का लागू होत नाही, हे आमच्यासारख्याला कळायला नको? मुलगा आत राहिला तो एका वाक्यावर, आणि त्या वाक्यात आमच्या म्हणण्याला उत्तर नाही.

सतेंदर कुमार अंतिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं, की जामीन अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढावेत, आणि पाळताच येणार नाही अशी अट घालणं म्हणजे सुटकेचा हेतूच मोडणं. २०२४ साली गिरीश गांधी खटल्यात तर स्पष्टच म्हटलं, की अवाजवी जामीन म्हणजे जामीन नव्हेच. अट बदलून मागणारा अर्ज हा सुद्धा माणसाच्या सुटकेचाच अर्ज आहे. त्याला साध्या किरकोळ अर्जाच्या रांगेत का उभं करतात, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

धारवाडला मात्र आमचं ऐकून घेतलं गेलं. २००८ साली खंडपीठ धारवाडला आलं आणि २०१३ साली कायम झालं, हे या भागाचं भाग्य. नाहीतर ५०,००० रुपयांच्या अटीसाठी बंगळूर गाठावं लागलं असतं. तरी धारवाड फुकट होत नाही. वकिलांची फी, नकला, जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला रोजगार. ज्याला जामीनदार मिळत नाही अशा माणसाकडूनच आपण ही अपेक्षा करतो. आणि हुकूम झाल्यावरही मुलगा त्या दिवशी सुटला नाही. प्रत खालच्या कोर्टात पोचायची, जामीनखत व्हायचं, सुटकेचा हुकूम हिंडलग्याला जायचा. तो पोचला तोवर संध्याकाळची बंदी झाली होती. बहीण फाटकाबाहेर डबा घेऊन उभी होती. तो डबा तिने रात्री परत नेला.

हे होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सविस्तर निर्देश दिलेले आहेत. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, त्यांनी कुणाला तरी पाठवून अडचण काय ते पाहावं. महिनाभरात जामीनखत झालं नाही तर न्यायालयाने स्वतःहून प्रकरण घेऊन अट सैल करता येईल का ते बघावं. बाहेर आल्यावर जामीनदार देतो, असं कैदी म्हणाला तर काही काळासाठी तात्पुरता जामीन देण्याचाही विचार करावा. आणि त्याच निर्देशांत शेवटी लिहिलंय, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा अशा प्रकरणांत ती अट घालू नये. सगळं लिहून ठेवलेलं आहे, महोदय. भाच्याला भेटायला तुरुंगात कुणी आलं नाही, महिना उलटला तरी कुणी प्रकरण पुन्हा उघडलं नाही. त्याची फौंड्रीतली जागा तेवढ्यात दुसऱ्याला गेली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतले तीन, ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. केंद्राने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तिच्यात तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. योजना चांगली आहे. पण आमच्याकडे अडलं होतं ते जामीनदाराच्या पत्त्यावर, आणि पत्ता पैशाने बदलत नाही.

भाषेबद्दल थोडंच लिहितो, कारण या भागात भाषेचं नाव काढलं की मूळ गोष्ट बाजूला पडते. अटकेची कारणं सांगणारा कागद बहिणीच्या हातात दिला गेला तो कन्नडमध्ये होता. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तिला तो वाचून दाखवला, तोवर सही होऊन गेली होती. कन्नड ही राज्याची भाषा आहे, तिचा मान आम्ही राखतो, माझी मुलं ती उत्तम बोलतात. मागणं एवढंच, की माणसाला का पकडलं ते त्याला कळेल अशा भाषेत सांगावं. हरिकिसन खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं होतं, तिथे हिंदी जाणणाऱ्या माणसाला कारणं इंग्रजीत दिली होती. २०२५ साली विहान कुमार आणि त्यानंतर मिहीर शहा खटल्यांत ते पुन्हा ठणकावून सांगितलं गेलं.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागेल, त्यावर या पत्रात मला काही म्हणायचं नाही. आमच्या मुलाच्या सुटकेचा त्या दाव्याशी काडीचा संबंध नव्हता. जत किंवा अक्कलकोटच्या एखाद्या कन्नड घरातल्या मुलाचा मामा विजापूरचा असेल, तर तिकडच्या कोर्टातही तो चालला पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू आहे. तसा प्रसंग कुणावर आला असेल तर त्यांच्या वतीने तिथे असंच पत्र लिहायला मी तयार आहे.

आपल्याकडे मागण्या अशा.

जिल्हा न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार आपल्या न्यायालयाचा आहे. त्या अधिकारात एक परिपत्रक काढावं: जामिनाच्या हुकुमात स्थानिक जामीनदाराची अट सरसकट घालू नये. अपवाद करायचा असेल तर त्याचं कारण हुकुमात लिहावं.

शेजारच्या राज्याचा सातबारा, तो मराठीत आहे म्हणून किंवा बाहेरचा आहे म्हणून नाकारू नये. ऑनलाईन पडताळणी करून त्याची नोंद फाईलला लावावी. अनुवाद लागत असेल तर तो न्यायालयाने किंवा विधी सेवा प्राधिकरणाने करून द्यावा, त्याचा खर्च आरोपीच्या घरच्यांवर टाकू नये. ऐपतीचा दाखला प्रत्येक वेळी मागू नये, प्रतिज्ञापत्रावर काम भागत असेल तर भागवावं.

अट बदलण्याचे अर्ज सत्र न्यायालयांनी दोन आठवड्यांत निकाली काढावेत, आणि फेटाळताना अर्जात दाखवलेल्या निकालांना उत्तर द्यावं.

जामीन मंजूर होऊन सात दिवसांवर आत राहिलेल्या कैद्यांची यादी हिंडलगा कारागृहाकडून दर महिन्याला मागवावी आणि बेळगाव जिल्ह्याचं काम पाहणाऱ्या प्रशासकीय न्यायमूर्तींनी ती पाहावी. यादीत प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं असावं. स्थानिक जामीनदार नाही, हे कारण किती जणांपुढे येतं, ते तेव्हाच दिसेल.

आणि अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली की नाही, हे पहिल्या रिमांडलाच दंडाधिकाऱ्यांनी त्याला तोंडी विचारून नोंदवावं.

यातलं काहीही नवा कायदा करून मागितलेलं नाही. माझ्याकडे आलेल्या त्या बापाचं पोर हे लिहीपर्यंत आतच आहे. त्याचाही मामा चंदगड तालुक्यातलाच, सातबारा स्वच्छ, आणि जामीन राहायला तयार. त्याचा अट बदलण्याचा अर्ज सत्र न्यायालयात पडून आहे. परिपत्रकाला वेळ लागणार असेल तर निदान असे पडून असलेले अर्ज तातडीने ऐकावेत, असं आपण जिल्ह्याला कळवावं, ही विनंती.

या पत्राची कन्नड आणि इंग्रजी प्रत आपल्या निबंधकांकडे टपालाने पाठवली आहे.

आपला,
बेळगावचा एक नागरिक